मिरजेपर्यंतचं तिकीट

राजवाड्याच्या स्टॉपवर तुम्ही स्टेशनला जाणाऱ्या बसची वाट बघताय आणि खांद्यावरच्या पिशवीत तुमच्या पोरीच्या मेंदूचा रिपोर्ट आहे.

रिपोर्ट जाडजूड, गुळगुळीत कागदाचा, स्पायरल केलेला. शाळेत एका कंपनीची टाय लावलेली माणसं आली होती. त्यांनी मुलांच्या दहाही बोटांचे ठसे मशीनवर घेतले, पालकांकडून पैसे घेतले आणि पंधरा दिवसांनी हा ग्रंथ हातात ठेवला. आत कलिंगडाच्या फोडींसारखी रंगीत वर्तुळं. तुमची चौथीतली मुलगी म्हणे ‘कायनेस्थेटिक लर्नर’ आहे, म्हणजे हातापायांनी शिकणारी. गणिती बुद्धी बेताची. शेवटच्या पानावर नृत्य, क्रीडा, हॉटेल मॅनेजमेंट अशी करिअरची यादी. खरं तर तुम्ही शाळेत एवढंच विचारायला गेला होतात, की वजाबाकीत दशक सुटा करायचा म्हटलं की पोरगी का अडते. त्याचं उत्तर या ग्रंथात कुठेच नाही.

बोटांवरच्या रेषा मूल पोटात असतानाच उमटतात. त्या पोलिसांच्या कामाच्या. त्यांवरून बुद्धी वाचता येते याला शास्त्राचा आधार नाही. हे तुम्हाला अगदीच ठाऊक नव्हतं असंही नाही. पण वर्गातल्या सगळ्यांनी पैसे भरले, म्हणून तुम्हीही भरलेत. मिरजेत मावसभाऊ प्राथमिक शाळेत मास्तर आहे. त्याला एकदा दाखवून येऊ, म्हणून आजची ही फेरी.

बस काही येत नाही. मोती चौकाकडचा हॉर्नचा गलका हळूहळू विरतो, पेढ्यांच्या दुकानांवरच्या पाट्या दिसेनाशा होतात, डांबराच्या जागी फुफाटा येतो. समोर जुन्या राजवाड्यातली शाळा तेवढी जागच्या जागी आहे. तारीख ७ नोव्हेंबर १९००. सरकारी हायस्कूल. पुढे तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतील.

नऊ वर्षांचा एक मुलगा आत जातोय. रजिस्टरात नाव पडतं: भिवा रामजी आंबेडकर, इंग्रजी पहिली. तुम्ही खिडकीपाशी जाता. या मुलानं घरून गोणपाटाचा तुकडा आणलाय. तो पसरायचा इतरांपासून लांब, आणि शाळा सुटली की गुंडाळून पुन्हा घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्याला हात लावायचा नाही. तहान लागली तर शिपाई जागेवर हवा. तो नसला तर पाणी नाही.

पिशवीतला रिपोर्ट काढून बघा. भाषिक, तार्किक, सांगीतिक अशा सगळ्या फोडी आहेत, गोणपाटाची नाही. बुद्धीचे प्रकार किती आणि कुणाला कसं शिकवावं, या प्रश्नाला या वर्गात पोचायला अजून पुष्कळ अवकाश आहे. इथं प्रश्न एवढाच, की मूल कुठं बसायचं.

हॉर्न वाजतो. बस आलीय.

माहुलीच्या स्टेशनावर पॅसेंजर लागलेलीच असते. ही गाडी प्रत्येक स्टेशनाला हात लावत जाते, एक्स्प्रेस आली की बाजूला होऊन थांबते, म्हणून तिच्यात बसणाऱ्याला घाई असून चालत नाही. कोरेगाव गेलं. रहिमतपूरला गाडी थांबते न थांबते तोच फलाटापलीकडे एक टांगा दिसतो आणि टांगेवाला औंधचं गिऱ्हाईक शोधतोय. साल १९३० च्या पुढचं असावं. उतरायला वेळ नाही, पण उतरला असतात तर तिकडे एक चमत्कारिक संस्थान बघायला मिळालं असतं. तिथले राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रं काढतात, कीर्तन करतात आणि प्रजेला सूर्यनमस्कार घालायला लावतात. त्या औंधच्या शाळेत माणदेशातला एक गरीब मुलगा शिकतोय. कविता करतो, नकला करतो, पण गणिताशी त्याचं जमत नाही. मॅट्रिक त्यातच अडकणार आहे. हा ग. दि. माडगूळकर. त्याचा धाकटा भाऊ व्यंकटेश पुढे याच संस्थानातल्या एका पोरसवद्या मास्तराची गोष्ट ‘बनगरवाडी’त लिहील. मेंढरांमागं जाणाऱ्या पोरांच्या वस्तीत तो मास्तर शाळा भरवतो, आणि त्याच्या हातून गावात उभी काय राहते, तर तालीम. मला त्या कादंबरीतली ही गोष्ट कायम खरी वाटत आलीय. गाव शाळेकडं येत नव्हतं, तर मास्तर गावाकडं गेला.

कराडला गाडी बराच वेळ थांबते. कराडचं स्टेशन म्हणजे ओगलेवाडी, गावापासून लांब. चहावाला खिडकीशी येतो. “कुठं निघालाय?” “मिरजेला.” “मग चला, पाय मोकळे करा की. सिग्नल पडाय येळ हाय.” तुम्ही उतरता. फलाटावरची फरशी पायाखालून जाते आणि खडी लागते. १९१९ चा पावसाळा सरत आलाय. ओगल्यांचा काचकारखाना सुरू होऊन तीन वर्षं झालीत. खोक्यांमध्ये गवत भरून काचसामान पाठवणीला ठेवलंय आणि त्याच्याजवळ धिप्पाड अंगाचा, पैलवानी बांध्याचा एक माणूस गाडीची वाट बघतोय. हा फिरता विक्रेता. किर्लोस्करांचे नांगरही विकतो. नाव भाऊराव पाटील.

याच्या शिक्षणाचा एक किस्सा कोल्हापूर-साताऱ्याकडं अजून सांगतात. राजाराम हायस्कुलात भाऊराव गणितात मागे. खुद्द शाहू महाराजांनी मास्तरांकडं शब्द टाकला. तेव्हा मास्तर म्हणाले म्हणे, की तो बसतो ते बाक एकवेळ वरच्या वर्गात घालीन, पण त्याला घालणार नाही. मास्तर आपल्या जागी बरोबरच होते. न येणाऱ्या पोराला वर का ढकलायचं? गंमत पुढं आहे. हाच भाऊराव साताऱ्यात शिकवण्या घेऊन पोट भरू लागला आणि लोक त्याला ‘पाटील मास्तर’ म्हणू लागले. ज्याला स्वतःला अडलेलं असतं, त्याला दुसऱ्याचं कुठं अडतं ते चटकन दिसतं, हा माझा अनुभव आहे, नियम नव्हे.

थोड्याच दिवसांत, ४ ऑक्टोबरला, इथून जवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू होईल. पाच वर्षांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह. तिथं पोरं स्वतः भाकऱ्या थापतील, माती खणतील, पिकवतील आणि त्यावर शिकतील. ‘कमवा आणि शिका’ ही सोय पैशाच्या अडचणीतून निघाली, हे खरं. पण ज्या पोराचा हात कुदळीवर बसलेला आहे त्याला शाळेत कमीपणा वाटू नये, हेही त्यातून साधलं. वसतिगृह चालवायला पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, मंगळसूत्रासकट. राजवाड्यातल्या त्या गोणपाटाची घडी मोडायला एका बाईचं सोनं लागलं.

गाडी हलते. शेणोलीच्या पुढं ती पुन्हा क्रॉसिंगसाठी थांबते आणि करायला काही नाही म्हणून तुम्ही रिपोर्टाचं पहिलं पान काढता. तिथं हॉवर्ड गार्डनर यांचं नाव ठळक अक्षरात आहे. या माणसाचा त्या ठशांशी संबंध नाही. हार्वर्डमधल्या या मानसशास्त्रज्ञानं १९८३ साली ‘फ्रेम्स ऑफ माइंड’ हे पुस्तक लिहिलं. मेंदूला इजा झालेले रुग्ण त्यानं जवळून पाहिले होते. एखाद्याची वाचा जाते, तरी तो गाणं म्हणू शकतो. एखाद्याला बोलता येतं, पण घरचा रस्ता सापडत नाही. मग बुद्धी ही एकच वस्तू कशी, असा त्याचा सवाल होता. भाषा, तर्क, अवकाश, संगीत, शरीर, दुसऱ्याचं मन आणि स्वतःचं मन असे सात प्रकार त्यानं मांडले. निसर्ग ओळखण्याची बुद्धी नंतर जोडली. शिक्षकांनी हे पुस्तक डोक्यावर घेतलं. त्याच्या क्षेत्रातल्या अनेकांनी मात्र नाकं मुरडली: या बुद्ध्या एकमेकींपासून खरंच सुट्या आहेत याचा पुरावा कुठाय? तो वाद अजून मिटलेला नाही.

मात्र एका गोष्टीवर खुद्द गार्डनरनेच कानावर हात ठेवलेत. बुद्धीचे प्रकार म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, असं तो सांगत आलाय. हा मुलगा डोळ्यानं शिकणारा, ती मुलगी कानानं शिकणारी, अशी वाटणी करून प्रत्येकाला त्याच्या शैलीत शिकवलं की जास्त शिकतात, या समजुतीची २००८ साली चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी झडती घेतली. तिला पुरेसा आधार सापडला नाही. थोडक्यात, तुमच्या हातातल्या रिपोर्टाचा पायाही कच्चा आणि त्यावरचा मजलाही.

समोरून एक्स्प्रेस धडधडत जाते. टाकारी येतं.

इथून वाटेगाव दूर आहे. पण गाडीनंच सालं ओलांडायची ठरवल्यावर मैलांचं काय! विसाव्या शतकाचं तिसरं दशक. मांगवाड्यातला एक पोरगा शाळेत गेलाय. दुसऱ्या दिवशी मार खाऊन अर्ध्यातून परत आला. संपलं शिक्षण. दीड दिवस. थोड्या वर्षांनी घरची माणसं मुंबईकडं निघाली तेव्हा तो त्यांच्याबरोबर पायी चालत गेला, आणि दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं वाचत वाचत अक्षरं शिकला. हे अण्णाभाऊ साठे. पुढं पस्तीसेक कादंबऱ्या, लावण्या, पोवाडे, वग, आणि १९५९ साली ‘फकिरा’. भाषेची एवढी मोठी बुद्धी आणि ती नेमकी भाषेच्याच वर्गातून दीड दिवसात बाहेर! शाळा त्यांना कुठल्या शैलीत शिकवायला हवी होती, हे कृपा करून विचारू नका. पाटीवरचं अक्षर शाळेतही होतं आणि मुंबईच्या रस्त्यावरही. रस्त्यावर ते वाचणाऱ्याला कुणी मारलं नाही, एवढा फरक.

तिथं रेंगाळायला तुम्हाला आवडणार नाही. चला.

पुढचं स्टेशन किर्लोस्करवाडी. पण खाली उतरून बघता तर पाटीवर नाव ‘कुंडल रोड’. १९१०. नजर जाईल तिथवर निवडुंग, खडक, मधूनमधून सापाची कात. औंधच्या राजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिलेली ही बत्तीस एकर जागा. बेळगावातला कारखाना उठवून माणसं बायकापोरांसह या माळावर आलीत. मालकांच्या हातात कागदाची सुरळी आहे.

या सुरळीमागं एक फसलेला चित्रकार आहे. लक्ष्मणरावांना लहानपणी शाळेच्या पुस्तकांत गोडी नव्हती. चित्रं आणि यंत्रं या दोनच गोष्टींत जीव. वडिलांच्या मनाविरुद्ध १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं, की काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला रंग दिसत नाहीत! तुमच्या पिशवीतल्या कंपनीनं अशा मुलापुढं लाल फुली मारून विषय संपवला असता. त्यांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाही. ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले, बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं गेली.

आता या माळावर त्यांनी गोळा केलेली माणसं बघा. शंभूराव जांभेकर, यंत्राला हात लावला की यंत्र बोलतं असा माणूस. अनंतराव फळणीकर, शाळा अर्धवट टाकलेला, पुढं कल्पक इंजिनीअर म्हणून नाव काढणारा. परीक्षांमध्ये यश न मिळालेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक. आणि रात्रीच्या पहाऱ्याला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दरोड्यासाठी शिक्षा भोगलेले. ज्यांना शाळेनं किंवा सरकारनं नापास केलं त्यांची ही वसाहत. लक्ष्मणराव कुणाची चाचणी घेत बसले असतील असं वाटत नाही. काम पुढं टाकायचं आणि हात बघायचा.

दोनेक वर्षं पुढं सरका आणि ओतकामाच्या शेडमध्ये या. भट्टीची झळ दारातूनच लागते. एक कारागीर साच्यासाठी काळी वाळू मळतोय. पाणी किती घालायचं याचं माप त्याच्याकडं नाही. तो मूठभर वाळू उचलतो, घट्ट दाबतो, मूठ उघडतो. तळहातावर वाळूचा मुटका जसाच्या तसा राहिलाय आणि त्यावर त्याच्या चारही बोटांचे ठसे स्वच्छ उमटलेत. मग तो मुटका दोन्ही हातांनी मधोमध मोडतो. कड सरळ तुटली, भुगा झाला नाही. ओल बरोबर. कोरडी असती तर साचा ढासळला असता, जास्त ओली असती तर बिडाचा लाल रस पडताच वाफ उसळून ओतीव पोकळ निघालं असतं. शेजारी बारा-तेरा वर्षांचा उमेदवार उभा आहे. कारागीर त्याला काहीच समजावून सांगत नाही. नुसती मूठ पुढं करतो. पोरगा वाळू दाबतो. त्याचे ठसे पुसट येतात. कारागीर चुळकाभर पाणी शिंपडतो. पुन्हा दाब.

बोटांच्या ठशांवरून काही वाचायचंच असेल, तर ते हे.

नंतर भिलवडी, नांद्रे. कृष्णाकाठची काळी जमीन, ऊस, हळद. सांगलीला बरीच माणसं उतरतात. इथंच १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं आणि मराठी नाटक सुरू झालं. भाव्यांचा हात मूळचा लाकडाच्या बाहुल्यांवर बसलेला. सूत्रं ओढून बाहुल्या नाचवणाऱ्याला माणसं नाचवायला सांगितली, त्यानं तेही केलं. पण गाडी थांबलीय ती मिनिटभरच.

मिरज. इथं मात्र घाई करू नका.

मावसभावाकडं जायच्या वाटेवर तुम्ही एका जुन्या वाड्यापाशी रेंगाळता, कारण आतून तंबोऱ्याचा आवाज येतोय. १८८० च्या दशकाचा उत्तरार्ध. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं तालीम देतात. शिष्यांत कुरुंदवाडचा एक मुलगा आहे, विष्णू दिगंबर पलुस्कर. दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला गेला असताना तोंडाशी फटाका फुटला आणि डोळे गेले. कीर्तनकाराच्या या पोराची शाळा त्यामुळं सुटली. मिरजेच्या राजांनी त्याला बुवांकडं दिलं.

वाड्याच्या चौकटीशी बसून घ्या. बुवा एक पलटा म्हणतात. शिष्यांनी तो म्हणायचा. चुकला, पुन्हा. का चुकला ते सांगायचं नाही, विचारायचं तर नाहीच. बरोबर आला तरी पुन्हा. बाकीची मुलं बुवांच्या तोंडाकडं बघतात, हाताची उचल बघतात, भुवई बघतात. या मुलाला तेवढं दिसत नाही. त्याला मिळतो फक्त कान. अशी बारा वर्षं, १८९६ पर्यंत. दृष्टी पुढं काही प्रमाणात परत आली असं सांगतात. पण गाणं कानातूनच आत गेलेलं होतं.

आता पानं भराभर उलटा. ५ मे १९०१, लाहोर. हाच माणूस गांधर्व महाविद्यालय उघडतोय. वर्गात फळा आहे. फळ्यावर स्वरलिपी, त्यानं स्वतः बसवलेली. अभ्यासक्रम, इयत्ता, परीक्षा, पुस्तकं. ज्यानं एक अक्षर न बघता गाणं घेतलं, त्यानं दुसऱ्यांसाठी गाणं डोळ्यांना दिसेल असं करून ठेवलं! आपण जसे शिकलो तसंच शिकवावं, हा कुठल्याही मास्तराचा पहिला मोह. बारा वर्षं गुरूच्या दारात राहणं ज्यांना शक्य नाही, अशी माणसं पलुस्करांना दिसली. घराण्यातल्या लोकांनी टीका केली, की मींड काय कागदावर उतरते? उतरत नाही. टीका पोकळ नव्हती. स्वरलिपी वाचून कुणी गवई होत नाही, आजही नाही. पण दाराबाहेर उभी असलेली माणसं तिनं आत घेतली. आत आल्यावर कानाला कष्ट करावे लागलेच.

गल्लीचं वळण घेता आणि तुम्ही पुन्हा आजच्या मिरजेत. सतारमेकर गल्ली. तलवारी परजणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वाद्यं करायला घेतली, त्यांची आजची पिढी इथं बसलीय. भिंतीला टांगलेले वाळके भोपळे, लाकडाचा भुसा. एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतोय. घोडीच्या माथ्यावरून तार गेलीय. तार आणि घोडी यांच्या मधे तो सुताचा बारीक धागा घालतो आणि तार छेडत छेडत धागा केसभर पुढं, केसभर मागं सरकवतो. तार टण्ण वाजते, बोथट. पुन्हा सरकवतो. बोथट. मग एका जागी अचानक तार उघडते. आवाज फुटून पसरतो, एका स्वरातून चार स्वर निघाल्यासारखा. “जागा कशी कळते?” तुम्ही विचारता. तो वर न बघता म्हणतो, “प्रत्येकाची वेगळी असती. तारंचीबी आणि घोडीचीबी.” आणि दुसऱ्या तारेला लागतो.

मावसभाऊ रिपोर्ट चाळतो. पहिल्या दोन पानांनंतर तो हसायला लागतो, मग तुमच्या खर्चाचा आकडा ऐकून हसायचा थांबतो. “दादा,” तो म्हणतो, “आम्ही कुमठ्याच्या शाळा बघायला गेलो होतो. दोन गाड्या करून, तीस जण. तू साताऱ्याचा, आणि तुला ठाऊक नाही?” मग तो फलटणचंही सांगतो. तिथं मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून येऊन भारतीय झालेल्या बाईंनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली. क पासून ज्ञ पर्यंतची अख्खी वरात पोरापुढनं न नेता, मोजकी अक्षरं आणि बरोबर एखादी काना-मात्रा द्यायची, म्हणजे पहिल्याच आठवड्यात पोरगं शब्द वाचतं. “त्यात बुद्धीचा प्रकार कुठला?” तुम्ही विचारता. “कुठलाच नाही,” तो म्हणतो. “अडतं कुठं ते बघितलं, आणि तिथली पायरी बुटकी केली.”

परतीच्या गाडीत संध्याकाळ होते. कोरेगावच्या सुमाराला डोळा लागतो आणि जाग येते ती एका वर्गात, जमिनीवर. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, २०१५. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादाचा प्रयोग उभा केलाय आणि राज्यभरातून शिक्षक तो बघायला येताहेत. याच वर्षी सरकार ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ जाहीर करतंय. फरशी रंगवलेली आहे. आकड्यांची पट्टी, अक्षरांचं घर, चौकटी. बाक नाहीत. खडे, चिंचोके, काड्या. बाईही खालीच बसल्यात, त्यामुळं दारातून बघणाऱ्याला त्या आधी दिसतच नाहीत.

उदाहरण एकच आहे: बावन्नातून सतरा.

एका मुलानं काड्यांच्या पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या घेतल्यात. सात सुट्या काढायच्या, आणि आहेत दोन. तो क्षणभर मोळीकडं बघतो, मग तिचं रबर काढतो. मोळी पसरते. बारा झाल्या. एक मुलगी फरशीवरच्या पट्टीवर बावन्नावर उभी आहे; दहाची एक मोठी उडी मागं, मग सात बारक्या. तिसरा वहीत चौकोन काढून खोडतोय. चौथी काहीच करत नाही, छताकडं बघून म्हणते, “सतराचे वीस करायला तीन, वीसचे बावन्न करायला बत्तीस.” बाई प्रत्येकाला एकच विचारतात: “कसं केलंस?” आणि मग उडी मारणारीला म्हणतात, आता तू मोळी सोडून दाखव, मोळीवाल्याला म्हणतात, तू तोंडी सांग बघू.

हे शेवटचं बघितलंत ना? उड्या मारणारीला ‘उड्या मारणारी’ म्हणून कुणी बाजूला काढलं नाही. तिला काड्याही दिल्या.

तुमची पोरगी कुठं अडते ते तुम्हाला इथं बसल्या बसल्या कळतं. तिनं दशक कधी सोडून पाहिलेलाच नाही. पाचावर काट मारून चार लिहायचं आणि दोनाशेजारी एक लिहायचा, एवढं तिला पाठ आहे. तो एक आला कुठून, हे तिनं बघितलेलं नाही.

(फार हुरळू नका. या प्रयोगाची कीर्ती झाल्यावर कितीतरी शाळांनी आधी फरशी रंगवून घेतली. काही ठिकाणी मुलं त्या रंगीत आकड्यांवर ओळीनं बसून तेच पाढे त्याच चालीत म्हणत होती.)

माहुली. रात्रीचे साडेनऊ. रिक्षा करून घरी येता. पोरगी जागी आहे. तुम्ही खराट्याच्या काड्या मोडता, स्वयंपाकघरातली रबरं आणता, दहा-दहाच्या मोळ्या बांधता. घरातली माणसं बघत राहतात. ती फरशीवर मांडी घालून बसते. काड्या ठेवायला काहीतरी सपाट हवं म्हणून रिपोर्ट तिच्यासमोर आडवा टाकता.

“बावन्नातून सतरा.”

एक मोळी ती सरळ बाजूला ठेवते. दोन सुट्या काड्या बोटांनी चाचपते. बराच वेळ काही होत नाही. तुमच्या ओठांवर उत्तर येतं, ते तुम्ही गिळता. मग ती एका मोळीचं रबर दातानं ओढते आणि काड्या गुळगुळीत कव्हरावरून घसरून चारी बाजूंना जातात. ती गोळा करते. सात मोजून काढते. उरलेलं मोजते.

“तीन मोळ्या आणि चार,” ती म्हणते. “चौतीस.”

तुम्ही गप्प.

ती पुन्हा मोजते. कपाळाला आठी. “नाही बाबा. दोन आणि दहा बारा होत्या. बारातनं सात गेल्या तर पाच राहायला पाहिजेत.” आणि गुडघ्यांवर वाकून कॉटखाली हात घालते.